भांडायला माणूस

प्राच्यविद्येच्या परिषदांना हौसेने जाणाऱ्या माणसांची एक छोटी जमात आहे आणि मी त्या जमातीतला आहे. पदवी वाणिज्य शाखेची, सगळी नोकरी विम्याच्या कचेरीत. नोंदणीच्या टेबलावर गळ्यात अडकवायचा बिल्ला देतात, त्यावर नावाखाली 'संस्था' असा रकाना असतो. तिथे मी 'पुणे' लिहितो. आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. पुणे ही एक संस्था आहे असा बाहेरगावच्या विद्वानांचा समज असावा, आणि तो दूर करण्याची पुणेकरांना कधी गरज वाटलेली नाही.

अशा परिषदेत एकाच वेळी चार-पाच खोल्यांत सत्रं चालू असतात. एकीकडे पालीतल्या एखाद्या प्रत्ययाची चौकशी, शेजारी आदिलशाही फर्मानांवरचे शिक्के, वरच्या मजल्यावर सातव्या शतकात युआन श्वांग या चिनी भिक्षूने पाहिलेलं 'कोंकणपूर' म्हणजे नेमकं कुठलं गाव याचा शोध. वक्त्याने त्या विषयात उमेदीची वर्षं घातलेली असतात आणि त्याला बोलायला मिळतात पंधरा मिनिटं. त्यातली तीन पेन ड्राइव्ह उघडण्यात जातात आणि दोन सत्राध्यक्षांनी ओळख करून देण्यात, तीही बऱ्याचदा मागच्या वक्त्याची. समोर श्रोते म्हणावेत तर पुढचे दोन वक्ते, जे आपापले कागद चाळत असतात, माइकवाला, खोली रिकामी दिसू नये म्हणून संयोजकांनी पाठवलेल्या एम. ए.च्या मुली, आणि मी.

एवढं सोसायला माणसं दोन-दोन दिवस रेल्वेत बसून का येतात? प्रवासभत्ता हे उत्तर पटत नाही. तो पदरात पडण्यासाठी जे कागद जोडावे लागतात, त्यांपेक्षा बाराव्या शतकातला ताम्रपट वाचणं सोपं असतं. जेवणासाठी म्हणावं, तर परिषदेच्या जेवणातली पुरी थंड असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला उत्तर सापडलं ते दोन वक्त्यांकडे बघून. एकाचा निबंध संपला, टाळ्या वाजल्या, अध्यक्षांनी 'अतिशय अभ्यासपूर्ण' म्हटलं, प्रश्न कुणीच विचारला नाही. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला. दुसऱ्याच्या निबंधावर धारवाडकडचे एक वृद्ध प्राध्यापक उभे राहिले आणि त्यांनी त्याचं एकेक विधान उचलून खाली आपटलं. हा गडी जेवताना दुसऱ्यांदा श्रीखंड घेत होता आणि त्याच प्राध्यापकांना त्यांचा पत्ता विचारत होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. विद्वान माणूस परिषदेला येतो तो भांडायला कुणी मिळावं म्हणून. घरी त्याने भांडायचं कुणाशी? घरच्यांना त्या प्रत्ययाचं सोयरसुतक नाही. विभागप्रमुखांना वेळापत्रकाची काळजी. त्या प्रत्ययाबद्दल स्वतःचं मत असलेली माणसं साऱ्या जगात मिळून चार. एक लायडनला, एक तोक्योला, तिसरा पत्राला उत्तर देत नाही, आणि चौथा या परिषदेला येणार असं कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं आहे. मग रेल्वेचं तिकीट काढलं जातं.

ही ओढ जुनी आहे. पौर्वात्य विद्येच्या अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 1873 साली पॅरिसला भरली. भरवणारे लेआँ द रोनी जपानी भाषेचे पंडित, त्यामुळे तिच्यात जपानचा बोलबाला फार होता. पुढच्याच वर्षी लंडनला दुसरी झाली, आणि तिथे मुंबई इलाख्यातून शंकर पांडुरंग पंडित गेले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनाही बोलावणं होतं. त्यांना जाणं जमलं नाही, पण नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांवरचा निबंध त्यांनी पाठवून दिला. पुढे 1886 साली ते व्हिएन्नाच्या परिषदेला स्वतः गेले आणि परत आल्यावर त्या प्रवासाचा वृत्तांतही लिहिला. मालवणात जन्मलेल्या माणसाने ऑस्ट्रियाच्या राजधानीत जर्मन पंडितांसमोर संस्कृतावर बोलायचं, हा तेव्हा साधा प्रकार नव्हता. त्याआधी 1881 साली बर्लिनच्या परिषदेत श्यामजी कृष्णवर्मांनी संस्कृत ही भारतात अजून जिवंत भाषा आहे, असा निबंध वाचला होता. पुढे त्यांनी लंडनमध्ये इंडिया हाऊस काढलं आणि भांडायला थेट साम्राज्यच निवडलं. प्रत्ययांवर त्यांची भूक भागली नसावी.

परिषदेत भांडणं होतात, पण परिषदेवरून भांडण झालं ते 1889 नंतर. त्या वर्षीची आठवी परिषद स्टॉकहोम आणि ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचं ऑस्लो, अशा दोन राजधान्यांत भरली. स्वीडन-नॉर्वेचे राजे दुसरे ऑस्कर स्वतः आश्रयदाते. मुंबईहून पारशी विद्वान जीवनजी जमशेदजी मोदी गेले होते. मेजवान्या, सहली, पदकं, भाषणं; एका मेजवानीची तर खाद्यपत्रिकाच निरनिराळ्या पौर्वात्य भाषांत रचून छापली होती. आता ज्यांना हे आवडलं त्यांना ते आवडलं, आणि ज्यांना आवडलं नाही ते म्हणाले, ही विद्वत्परिषद की वरात? या दुसऱ्या पक्षाचे पुढारी गॉटलीब लाइटनर. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे पूर्वीचे प्राचार्य, पन्नासेक भाषा येतात अशी ख्याती, आणि त्यांतल्या बहुतेक भाषांत भांडता येत असावं. नियमाप्रमाणे परिषद आम्हीच भरवणार म्हणून त्यांनी 1891 साली लंडनला नववी परिषद भरवली. विरुद्ध गटाने 1892 साली लंडनलाच मॅक्स म्युलर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरवली. तीही नववीच. दोन वर्षांत एका शहरात दोन नवव्या! आपल्याकडे एका गल्लीत दोन गणपती बसतात, तेव्हा आपल्याला उगाच वाटतं की हा शोध आपण लावला.

या फाटाफुटीची तेव्हा फार हळहळ झाली. मला मात्र त्यात वाईट काही दिसत नाही. खरी पंचाईत होते ती भांडायला दुसरा माणूस नसला म्हणजे. इस्लाम अखूनची गोष्ट ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडी सविस्तर सांगतो.

गेल्याच्या आधीच्या शतकाच्या शेवटी मध्य आशियात, खोतानच्या वाळवंटात पुरलेल्या शहरांतून जुनी हस्तलिखितं मिळू लागली. काश्गरला ब्रिटिशांचा प्रतिनिधी बसलेला आणि रशियाचा कॉन्सलही. दोघांत चढाओढ. जुनं काहीही आणा, पैसे घ्या. खोतानच्या इस्लाम अखून नावाच्या इसमाला वाटलं, वाळवंटात उन्हातान्हात कशाला तडफडायचं? त्याने घरीच पोथ्या तयार करायला घेतल्या. सुरुवातीला तो बिचारा प्रामाणिकपणे खऱ्या पानांवरच्या ब्राह्मीची नक्कल करत होता. मग त्याच्या ध्यानात आलं की साहेबांना यातलं एक अक्षर वाचता येत नाही. तेव्हा नक्कल तरी कशाला? त्याने आणि त्याच्या साथीदारांनी मनाला येतील तशा लिप्या काढल्या. मागणी इतकी वाढली की हाताने लिहिणं परवडेना, म्हणून लाकडी ठसे कोरून छपाई सुरू केली. कागद रंगवायचे, चुलीवर टांगून धुरकट करायचे, पानापानांत वाळवंटातली वाळू भरायची, झाली पोथी.

ही पोथ्यांची भेंडोळी कलकत्त्याला डॉ. हर्न्ले यांच्याकडे जात. हर्न्ले खरोखरचे मोठे विद्वान, मध्य आशियातल्या ब्राह्मी हस्तलिखितांवरचं त्यांचं काम आजही मान्य आहे. त्यांनी त्या 'अज्ञात लिपीं'चं वर्गीकरण केलं, त्यावर विचार केला, आणि बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात 1899 साली अहवाल छापला. हे बनावट असेल का, हा प्रश्नही त्यांनी स्वतःला विचारला आणि नसावं असं स्वतःच उत्तर दिलं. काश्गरमधल्या एका स्वीडिश मिशनऱ्याने शंका काढली होती, ती फारशी कुणी मनावर घेतली नाही. लिपी अज्ञात, त्यामुळे 'तुम्ही चुकीचं वाचलंत' म्हणून उठणारं जगात कुणीच नाही. इस्लाम अखून या पोकळीवर सुखाने जगत होता.

मग 1901 साली संशोधक ऑरेल स्टाइन यांनी खोतानला त्याला समोर बसवून विचारपूस केली. कुठली पोथी कुठे सापडली याच्या ज्या हकिकती त्याने पूर्वी सांगितल्या होत्या, त्या हर्न्ले यांच्या अहवालात शब्दशः छापलेल्या होत्या. स्टाइननी त्याच त्याला वाचून दाखवल्या. शेवटी त्याने कबुली दिली आणि कृतीही सांगितली. स्टाइन थट्टेने म्हणाले की एवढ्या हुशार माणसाने खोतानसारख्या ठिकाणी राहू नये. त्यावर हा म्हणतो, मग मला युरोपात न्या. स्टाइननी नेलं नाही. मला नेहमी हळहळ वाटते. पुढच्याच वर्षी हांबुर्गला तेरावी परिषद होती. गळ्यात बिल्ला, नावाखाली संस्था: खोतान. अज्ञात लिप्यांवर त्याच्या तोडीचा अधिकारी माणूस त्या सभागृहात दुसरा कोण असता?

आपल्याकडच्या परिषदेची सुरुवात पुण्यात झाली. 1917 साली भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, 6 जुलैला, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर सुरू झालं आणि तिथेच 1919 च्या नोव्हेंबरात अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष अर्थात भांडारकर. दुसरं अधिवेशन 1922 साली कलकत्त्याला, त्याचे अध्यक्ष फ्रेंच पंडित सिल्व्हँ लेव्ही. ती परिषद अजून चालू आहे आणि तिचं ठाणं अजून भांडारकर संस्थेतच आहे.

पण त्याच 1919 साली संस्थेने जे दुसरं काम हातात घेतलं, ती माझ्या मते या देशात भरलेली सर्वांत लांबलेली परिषद आहे. महाभारताची चिकित्सित आवृत्ती. ही कल्पना मुळात परिषदांतच निघाली होती. संस्कृत पंडित विंटरनित्झ यांनी 1897 साली पॅरिसला ती मांडली, दोन वर्षांनी रोमला पुन्हा मांडली. माना डोलल्या, ठराव झाले, अकादम्यांकडे विषय गेला, मग पहिलं महायुद्ध आलं आणि युरोपातले लोक वेगळ्याच महाभारतात गुंतले. पुण्याने ते काम उचललं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी एक लाख रुपये देऊ केले.

1923 साली ना. बा. उटगीकरांनी विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती काढली आणि ती देशोदेशीच्या पंडितांकडे पाठवून दिली, चुका काढा म्हणून. पुण्याहून कुणी जगाला आपल्या चुका काढण्याचं आमंत्रण दिल्याची दुसरी नोंद मला तरी आढळलेली नाही. मग 1925 साली डॉ. वि. सी. सुखठणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकलेला, बर्लिनला संस्कृत शिकलेला माणूस. श्लोकाची ओळ वर लिहायची, एकेक अक्षर एकेका चौकोनात, आणि खाली प्रत्येक हस्तलिखिताचं त्या अक्षराबद्दल काय म्हणणं आहे ते त्याच चौकोनाखाली मांडायचं. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी एक म्हणते, बंगाली दुसरं म्हणते, मल्याळी तिसरं, तेलुगू चौथं, नेपाळी गप्प. अशा 1259 पोथ्या. त्यांचं भांडण शांतपणे ऐकून घेऊन मुळाच्या जवळचा शब्द कोणता ते ठरवायचं, आणि ज्यांचं ऐकलं नाही त्यांचंही म्हणणं पानाच्या तळाशी छापायचं. सुखठणकर 1943 साली गेले. काम 1966 साली पुरं झालं. ती पानं उघडली की वर दोन-चार ओळींचं महाभारत दिसतं आणि खाली बारीक टाइपात असहमतीचा समुद्र. असहमती दर्शवणाऱ्याचं म्हणणं इतक्या अदबीने नोंदवणारी दुसरी सभा मी पाहिलेली नाही. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त मी स्वतः लिहितो, म्हणून सांगतो.

त्याच गावात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ. 1910 साली वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी काढलं. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' या नावाने कागदपत्रांचे बावीस खंड छापले, इंग्रजीत लिहिणार नाही म्हणजे नाही असा बाणा ठेवला, आणि स्वतःच काढलेल्या मंडळाशी बिनसल्यावर धुळ्याला निघून गेले. त्यांच्या मृत्यूनंतर धुळ्याला त्यांच्या नावाने आणखी एक संशोधन मंडळ निघालं. एका माणसाच्या रागातून दोन संस्था उभ्या राहिल्या. आजकालच्या रागाला एवढं काही जमत नाही.

मंडळातल्या वादांत मला सगळ्यांत प्रिय म्हणजे शिवजन्मतिथीचा. शके 1549 चा वैशाख की शके 1551 चा फाल्गुन? 1916 साली टिळकांनी जेधे शकावली मंडळातर्फे प्रसिद्ध केली आणि फाल्गुनाच्या पारड्यात वजन पडलं. वैशाखवाले हटले नाहीत. लेखाला लेख, शकावलीला बखर, बखरीला कुंडली. सरकारने समिती नेमली 1966 साली आणि 19 फेब्रुवारी ही तारीख अधिकृत व्हायला पुढचं शतक उजाडलं. तेवढ्यात तिथी की तारीख हे नवं भांडण तयार होतंच. पण या एका भांडणापायी किती दप्तरं सोडली गेली, किती वाड्यांतल्या अडगळी झाडल्या गेल्या, मोडी वाचणारे किती हात तयार झाले! सगळ्यांचं पहिल्या दिवशीच एकमत झालं असतं, तर ते कागद वाळवीने वाचले असते.

वाद आवाज चढवूनच घालावा लागतो असंही नाही. भांडारकर संस्थेत 1919 पासून 1961 पर्यंत प. कृ. गोडे अभिरक्षक होते. हे गृहस्थ कुणाशी आवाज चढवून भांडल्याचं ऐकिवात नाही. त्यांनी शेकडो निबंध लिहिले, तेही कशावर? नथ हे आपलं मूळचं लेणं की बाहेरून आलेलं, शोभेच्या दारूकामाचा इतिहास, आणि जिलबी. होय, जिलबीची वंशावळ. 1943 साली त्यांनी ती छापली आणि तिचा धागा सुमारे 1450 मधल्या जिनसूराच्या एका जैन कथेपर्यंत मागे नेला. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळी पंगतीत जिलबी होती की नाही, यावर कुणी छातीठोकपणे बोलू लागला, तर आधी त्याने गोड्यांच्या पानावरून पुढे जायला हवं. परिषदेच्या जेवणात जिलबी असली की मी शेजारच्या प्राध्यापकांना हे सांगतो. ते वाढप्याकडे बघतात.

हल्ली मात्र परिषदांत एक भयंकर सलोखा शिरला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 साली प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजायची पद्धत आणली, त्यात परिषदेत निबंध वाचल्याचेही गुण होते. तेव्हापासून मंडपात प्रमाणपत्रांचं टेबल सगळ्यांत गजबजलेलं. माणूस सकाळी येतो, सात मिनिटांत निबंध वाचतो, प्रमाणपत्र घेतो आणि तीनची गाडी पकडतो. 'वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत' हे वाक्य अध्यक्ष आता वेळ असतानाही म्हणतात. कुणी उठून 'माझा प्रश्न नाही, एक टिप्पणी आहे' अशी सुरुवात केलीच, तर स्वयंसेविका त्याच्या हातातून माइक अशा तत्परतेने काढून घेते की वाटावं सुरीच आहे.

दुसरं टोकही याच गावाने पाहिलं आहे. 5 जानेवारी 2004 रोजी शिवाजी महाराजांवरच्या एका परदेशी लेखकाच्या पुस्तकाच्या निमित्ताने जमाव भांडारकर संस्थेत घुसला, कपाटं फुटली, पोथ्या आणि पुस्तकं जमिनीवर आली. त्याला मी भांडण म्हणणार नाही. जे फेकलं गेलं त्याच्याशी फेकणाऱ्यांचा काही वादच नव्हता. त्यांनी ते उघडून पाहिलेलं नव्हतं. त्यानंतर कितीतरी लोक पानं गोळा करायला, लावायला आले. पोथ्या पुन्हा रांगेला लागल्या आणि पाठभेद पुन्हा आपापसांत भांडू लागले.

खरं भांडण कशाला म्हणतात ते कळावं म्हणून एका परिषदेतला प्रसंग सांगतो. गावाचं नाव घेत नाही, संयोजक भला माणूस होता. शिलाहारांच्या एका ताम्रपटाच्या शकावरून दोन अभ्यासकांचं वितुष्ट होतं. एक कोल्हापूरचे, एक पणजीचे, दोघेही सत्तरीपुढचे. एकाने दुसऱ्याच्या लेखाला उत्तर, त्याने त्याला प्रत्युत्तर, असं नियतकालिकांतून वर्षानुवर्षं चाललेलं. संयोजकाने मोठ्या मुत्सद्देगिरीने दोघांचे निबंध एकाच वेळी दोन वेगळ्या खोल्यांत लावले, म्हणजे गाठच पडू नये. सकाळी नाश्त्याच्या वेळी दोघांनी कार्यक्रमपत्रिका पाहिली. मी उपम्याच्या रांगेत होतो. दोघे हातात बशा घेऊन एकमेकांकडे न बघता, पण बरोबरीने, संयोजकापुढे जाऊन उभे राहिले.

"हे काय केलंत तुम्ही?" कोल्हापूरकर म्हणाले.

"सर, मला वाटलं, तुम्हाला दोघांनाही जरा निवांतपणा..."

"अहो, निवांतपणा घरी काय कमी आहे?" पणजीकर कडाडले. "यांनी त्या सहाव्या ओळीत 'द्वि' वाचलंय. तिथे 'त्रि' आहे. ते यांना समोर बसवून दाखवायला मी रात्रभर बसमध्ये बसून आलो. हे दुसऱ्या खोलीत असले तर मी दाखवू कुणाला, या मुलींना?"

"'त्रि' नाही," कोल्हापूरकर संयोजकाला म्हणाले. "तो ताम्रपटावरचा ओरखडा आहे. पण यांचं ते बरोबर आहे, आम्हाला एका खोलीत टाका."

संयोजकाने पत्रिकेवर पेनाने खाडाखोड केली. दोघांचे निबंध दुपारी अडीचला, खोली क्रमांक चार. पण तोवर थांबायला कुणाला वेळ होता? पणजीकरांनी पिशवीतून ठशांचा कागद काढला, उपम्याच्या बशा बाजूला सारून टेबलावर पसरला आणि कोल्हापूरकरांनी खिशातून भिंग काढलं. मी बशी घेऊन तिथेच खुर्ची ओढली.